कारखान्यात माणूस गेला, तर कंपनीवर गुन्हा होतो का? सांगली-मिरज-कुपवाडकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विजयनगरच्या कोर्टात मी कामगारांच्या बाजूनं वकिली करतो. कुपवाड, मिरज, इस्लामपूर, पलूस इथल्या एमआयडीसीतून फोन येतो तो बहुतेक रात्री, आणि बोलणाऱ्याला धड बोलता येत नसतं. प्रश्न मात्र तेच असतात. ते एका जागी लिहून ठेवले, म्हणजे माणसाला सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या वाचता येतील. कलमांचे आकडे दिलेत ते पाठ करायला नाहीत. पोलीस ठाण्यात समोरच्याला दाखवायला आहेत.

कंपनी काही हाडामांसाचा माणूस नाही. तिच्यावर माणूस मेल्याचा गुन्हा कसा लागणार?

लागतो. भारतीय न्याय संहितेत ‘व्यक्ती’ म्हणजे कोण हे कलम २(२६) मध्ये सांगितलंय, आणि त्यात कंपनी, संघ, मंडळ सगळे धरलेत, नोंदणी झालेली असो वा नसो. जुन्या दंड संहितेतही कलम ११ हेच सांगत होतं.

अडचण वेगळीच होती. कायद्यानं ‘कैद आणि दंड’ असं म्हटलं, तर कैदेत कोणाला टाकणार? कंपनीला बेड्या घालता येत नाहीत, म्हणून खटलाच चालणार नाही, असा बचाव वर्षानुवर्षं व्हायचा. २००५ मध्ये स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं तीन विरुद्ध दोन अशा मतानं तो मोडीत काढला. कैद देता येत नसेल तर दंड द्या, पण खटला चालवा, असं सांगितलं. पुढे इरिडियम विरुद्ध मोटोरोला या प्रकरणात आणखी एक पाऊल पडलं. कंपनीचा कारभार ज्यांच्या हातात आहे त्यांचं मन हे कंपनीचंच मन धरता येतं, हे तिथे मान्य झालं.

कोर्टात मग कंपनीच्या वतीनं एक प्रतिनिधी उभा राहतो. त्याची पद्धत नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास आणि खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम ३४२ मध्ये आहे. तो बहुधा एचआरमधला एखादा तरुण असतो आणि त्यालाच सर्वांत जास्त घाम फुटलेला असतो.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. फिर्यादीत ‘कंपनीचे मालक व इतर’ असं लिहून घेतलं जातं. प्रायव्हेट लिमिटेडला कायद्याच्या नजरेत मालक नसतो. भागधारक असतात, संचालक असतात. ‘मालक’ लिहिलं की उद्या कोणीही म्हणणार, मी मालक नाहीच. पगाराच्या स्लिपवर कंपनीचं जे पूर्ण नाव आहे ते जसंच्या तसं आरोपी म्हणून लिहायला सांगा.

कोणतं कलम लागतं?

१ जुलै २०२४ पासून घडलेल्या घटनेला भारतीय न्याय संहिता, त्याआधीच्या घटनेला जुनी दंड संहिता. खटला आज चालला तरी कायदा घटनेच्या दिवसाचा.

बहुतेक वेळा कलम १०६(१) लागतं: हयगयीनं किंवा अविचारानं मृत्यूस कारण होणं. हेच आपलं जुनं ३०४-अ. तिथे शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती, आता पाच वर्षांपर्यंत आहे. गुन्हा दखलपात्र पण जामीनपात्र.

त्याच्या वरची पायरी कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध, जुनं ३०४. आपल्या कृत्यानं माणूस मरण्याचा संभव आहे हे ठाऊक असून ते केलं, असं सिद्ध झालं तर दहा वर्षांपर्यंत कैद. हा गुन्हा अजामीनपात्र, आणि खटला सत्र न्यायालयात. ‘ठाऊक होतं’ आणि ‘ठाऊक असायला हवं होतं’ या दोन वाक्यांमध्येच सगळी लढाई असते. पहिलं १०५, दुसरं १०६. घरच्यांना १०५ हवं असतं, पोलीस १०६ लावतात, आणि निम्म्या वेळा पोलिसांचंच बरोबर असतं, कारण ‘ठाऊक होतं’ हे दाखवणारा कागद कोणी आणलेलाच नसतो.

यंत्र, आग, स्फोटक पदार्थ, बांधकाम यांतल्या हयगयीची छोटी कलमंही आहेत, २८७ ते २९० मध्ये. ती जोडीला लावून घ्यावीत. का, ते पुढे एका जुन्या प्रकरणात कळेल.

दंड किती होतो?

इथे मी दर वेळी थोडा चिडतो. न्याय संहितेत दंडाची रक्कम सांगितलेली नाही. अमर्याद, फक्त अवाजवी नसावा. पण १०६ चा खटला चालतो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, आणि त्यांचा दंडाचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ नं ५०,००० रुपयांपर्यंत बांधलेला आहे. कंपनीला कैद होऊ शकत नाही, म्हणजे एका माणसाच्या जिवापोटी जास्तीत जास्त पन्नास हजार.

यातून वाट आहे. आपल्या अधिकारापेक्षा जास्त शिक्षा व्हायला हवी असं त्या न्यायाधीशांना वाटलं, तर त्याच संहितेच्या कलम ३६४ खाली ते प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवू शकतात. तिथे दंडाला ही मर्यादा नाही. हा अर्ज सरकारी वकिलांकडून वेळेवर दिला जाईल हे बघायचं काम तुमचं किंवा तुमच्या वकिलाचं.

नुसता निष्काळजीपणा आणि घोर निष्काळजीपणा यात फरक कसा करायचा?

दिवाणी भरपाईला साधी चूक पुरते. फौजदारीत कोर्ट त्याहून जास्त मागतं. २००५ च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात, डॉक्टरांच्या बाबतीत, सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं: हयगय घोर, फार वरच्या दर्जाची हवी. कारखान्यांच्या खटल्यातही बचावाचे वकील तोच निकाल पुढे करतात.

दिल्लीच्या उपहार थिएटरचं उदाहरण घ्या. १३ जून १९९७ रोजी तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि धुरानं ५९ माणसं गेली. आग लागणं हा अपघात म्हणता येईल. पण बाल्कनीत जादा खुर्च्या बसवण्यासाठी बाहेर पडायची वाट बंद केलेली होती. ती खुर्ची कोणीतरी ठरवून बसवली, तिचं तिकीट विकलं, आणि रोज विकलं. घोर म्हणतात ते याला.

आता आपल्याकडचं. एका प्रकरणात टाकीत उतरून एक पोरगा गेला होता. कंपनीनं कोर्टात परमिटचं, म्हणजे टाकीत उतरायच्या लेखी परवान्यांचं, रजिस्टर हजर केलं: बघा, प्रत्येक दिवशी टाकीतली हवा तपासली जायची, सही आहे. रजिस्टर स्वच्छ होतं. अति स्वच्छ. महिन्याच्या तीस ओळी एकाच निळ्या पेननं, एकाच तिरपेपणानं, ऑक्सिजनचा आकडा रोज तोच, आणि सही चारही रविवारी होती. रविवारी तो विभाग बंद असतो हे मस्टरवरून दिसत होतं. हवा तपासायचा गॅस मीटर कुठे आहे असं विचारल्यावर कपाटातून काढून दिला, तर त्याच्या काचेवरची प्लॅस्टिकची फिल्मसुद्धा निघालेली नव्हती. मीटर नसता तर ‘आम्हाला धोका माहीत नव्हता’ असं तरी म्हणता आलं असतं. मीटर विकत घेतला, याचा अर्थ धोका माहीत होता.

“आमच्या पोराचीच चूक हुती म्हणत्यात. मग केस हुती का?”

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि कंपनीचा सर्वांत जुना बचाव. त्याचं मूळ महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात आहे.

१९६२ साली मुंबईत रंग-वार्निशच्या एका कारखान्याला आग लागून सात कामगार गेले. ज्या खोलीत टर्पेंटाइन आणि वार्निश ठेवलं होतं, त्याच खोलीत बर्नर पेटवून राळ आणि डांबर वितळवण्याचं काम चालायचं. एका कामगारानं घाईघाईनं टर्पेंटाइन ओतलं, फेस उसळून बर्नरपर्यंत गेला आणि भडका उडाला. कुर्बान हुसेन रंगवाला विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मृत्यूचं थेट, निकटचं कारण आरोपीची हयगय हवी. ‘ती नसती तर हे झालं नसतं’ एवढं पुरत नाही. थेट कारण ठरलं कामगाराची घाई. व्यवस्थापक ३०४-अ मधून सुटला. आगीबाबतच्या हयगयीचं जुन्या संहितेतलं २८५ कलम मात्र त्याच्यावर टिकलं. वर छोटी कलमं जोडून घ्या म्हटलं ते यासाठी.

हा निकाल मला पटत नाही, पण तो आहे, आणि तुमच्यावर तो आणला जाणार. त्याला उत्तर एकच: कामगाराची ती ‘चूक’ रोजची होती का? पत्रा दाबायच्या प्रेस मशीनला दोन हातांनी दाबायची बटणं असतात. त्यातलं एक सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं कायमचं दाबून ठेवलेलं आणि उरलेल्या एका हातानं मशीन चालवलेलं मी बघितलंय. ट्यूब कामगारानं बांधली, खरं आहे. पण ती काळी पडून प्लॅस्टिकला चिकटलेली होती. म्हणजे महिनोन्‌महिने साहेबांच्या डोळ्यांसमोर होती. आणि तासाला किती नग काढायचे, तो आकडा फळ्यावर लिहिलेला होता. दोन हातांनी तो पुरा होत नाही. असं दाखवता आलं की चूक कामगाराची राहत नाही, कामाच्या पद्धतीची होते. आणि पद्धत कंपनी ठरवते.

गुन्हा फक्त सुपरवायझरवर दाखल झालाय. हे असंच असतं का?

बहुतेक वेळा. सुपरवायझर जागेवर असतो, त्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं, आणि तो ठाण्यात बोलावलं की येतो. संचालक पुण्यात किंवा मुंबईत असतो. मी स्वतः अशा एका सुपरवायझरचं वकीलपत्र घेतलं होतं. त्यानं दोनदा लेखी कळवलेलं, क्रेनचा लिमिट स्विच, म्हणजे ती हद्दीबाहेर जाण्याआधी थांबवणारा स्विच, गेलाय. दुसऱ्या पत्रावर वरून शेरा होता: ‘शटडाऊनमध्ये बघू’, म्हणजे कारखाना दुरुस्तीला बंद राहील तेव्हा. तो कागद त्यानं घरी डब्यात ठेवला होता म्हणून वाचला.

प्रश्न असा विचारायचा: मशीनपाशी कोण होता, हे सोडा. ब्लोअर (टाकीत ताजी हवा सोडणारा पंखा), बेल्ट, स्विच घ्यायला पैसे मंजूर करणं कोणाच्या हातात होतं, आणि त्यानं ‘नको’ कधी म्हटलं? खरेदीची मागणी, नाकारलेलं कोटेशन, सेफ्टी कमिटीच्या मीटिंगचं इतिवृत्त, मागच्या अपघाताचा अहवाल, इन्स्पेक्टरनं दिलेली नोटीस. हयगय याच कागदांवरून वर चढत जाते. ते नसतील तर ती सुपरवायझरपाशीच थांबते.

मग संचालक आत जाऊ शकतो का?

नुसता संचालक आहे म्हणून नाही. २०१५ च्या सुनील भारती मित्तल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, की एक तर त्याचा स्वतःचा प्रत्यक्ष वाटा दाखवा, नाही तर एखाद्या कायद्यानंच त्याच्यावर जबाबदारी टाकलेली हवी. न्याय संहितेत तशी आपोआप जबाबदारी नाही.

कारखान्यांच्या कायद्यात मात्र आहे. तिथे ‘ऑक्युपायर’ असतो, सरकारी मराठीत भोगवटादार, म्हणजे कारखान्याच्या कारभारावर शेवटचा ताबा ज्याचा तो. कंपनी असेल तर तो संचालकच असावा लागतो. मॅनेजरला ऑक्युपायर दाखवून मोकळं होण्याची युक्ती १९९६ च्या जे. के. इंडस्ट्रीज निकालानं बंद केली. ऑक्युपायरचं नाव कारखान्याच्या परवान्यावर असतं. परवाना बघा.

पहिल्या आठवड्यात काय करायचं?

घरात माणूस गेलाय, लोक भेटायला येतायत, आणि मी कागद गोळा करा म्हणतो हे क्रूर वाटतं. पण दहाव्या दिवशी कारखान्यात जाल तेव्हा नवा पिवळा रंग मारलेला असेल आणि मशीनला संरक्षक गार्ड बसवलेला असेल.

पंचनामा होताना घरचं कोणीतरी किंवा सोबतचा कामगार तिथे असू द्या. मशीनचा फोटो सुटा नको. आजूबाजूचं, फळ्यासकट, घड्याळासकट. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जप्त करण्याचा अर्ज तपासी अंमलदाराला त्याच दिवशी देऊन पोच घ्या. अंगावरचे कपडे, बूट, बेल्ट शवविच्छेदनानंतर घरी आणून धुऊ नका; पोलिसांकडे जमा होतील हे बघा. एका केसमध्ये तर हेल्मेट घातलं नव्हतं असं कंपनी म्हणत होती आणि हेल्मेटचे दोन तुकडे सासरच्या माळ्यावर पडून होते.

गेलेल्या माणसाचा मोबाइल जपा. ‘साहेब ब्लोअर बंद आहे’ असा एक आवाजी मेसेज दहा साक्षीदारांपेक्षा जड पडतो. शिवाय साक्षीदारांना त्याच कंपनीत उद्या शिफ्टला जायचं असतं. ते फितूर होतात, त्यांना शिव्या घालून उपयोग नाही.

पोलीस म्हणतात, अकस्मात मृत्यूची नोंद केलीय, पुरेसं आहे.

ती फक्त सुरुवात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खालची चौकशी मृत्यू कशानं झाला एवढंच बघते, आरोपी ठरवत नाही. तुम्ही लेखी फिर्याद द्या. १०६ ची शिक्षा तीन ते सात वर्षांच्या दरम्यान येत असल्यामुळे, वरिष्ठांच्या परवानगीनं पोलीस आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात. पण चौदा म्हणजे चौदा. दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं अर्ज, आणि तरीही नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, त्याच संहितेच्या कलम १७५(३) खाली. गुन्हा दाखल झाला की त्याची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत तुम्हाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. आपणहून कळवतातच असं नाही, विचारत राहा.

तो ठेकेदाराकडे होता. कंपनी म्हणते, आमचा माणूसच नाही.

भरपाईत हे चालत नाही. कंपनीच्या कामासाठी, कंपनीच्या आवारात होता, तर मूळ मालक म्हणून भरपाई कंपनीकडून मागता येते. तिनं नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. फौजदारीत बघायचं ते नियंत्रण कोणाचं होतं. टाकी कंपनीची, परमिट कंपनीचं, काम कंपनीच्या साहेबानं सांगितलं, तर मस्टर कोणाचं याला फारसा अर्थ उरत नाही.

फॅक्टरी इन्स्पेक्टरची केस आणि पोलिसांची केस एकच का?

नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा खटला वेगळा. तो सुरक्षेचा नियम मोडल्याचा, पोलिसांचा मृत्यूला कारण झाल्याचा. एकाच गोष्टीसाठी दोनदा खटला, असा आक्षेप बचाव हमखास घेतो. पण दोन्ही गुन्ह्यांचे घटक वेगळे असले की दोन्ही चालवता येतात.

कायदा इथेही बदललाय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कारखाने कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली. तिच्या कलम १०३ प्रमाणे, सुरक्षेची कर्तव्यं न पाळल्यामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा कमीत कमी ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. त्या दंडातला निम्मा किंवा जास्त भाग वारसांना द्या, असा आदेश कोर्ट करू शकतं. जुन्या कायद्यात मृत्यूच्या प्रकरणात किमान दंड होता २५,००० रुपये. म्हणजे आता गंमत बघा: फौजदारी संहितेखाली न्यायदंडाधिकारी पन्नास हजारांवर जाऊ शकत नाहीत, आणि कामगार कायद्यात सुरुवातच पाच लाखांपासून.

आधीच्या अपघातांना जुना कायदा. त्यात तक्रार इन्स्पेक्टरनंच करायची, आणि अपघात कळल्यापासून तीन महिन्यांत. मुदत हुकली म्हणून सुटलेले लोक मी बघितलेत. त्यामुळे इन्स्पेक्टरलाही लेखी अर्ज द्या, तारखेची पोच घ्या.

कंपनीचा माणूस पैसे घेऊन आलाय, सही मागतोय. करावी का?

शवागाराबाहेर पाचशेचा स्टॅम्प पेपर घेऊन उभा असतो तो. मजकूर तयार: ‘आमची कोणाविरुद्धही तक्रार नाही.’ मी कोणाला पैसे घेऊ नका असं सांगत नाही. घरात तेराव्याचा खर्च असतो, पोरांची फी असते. घ्या. पण दोन गोष्टी समजून घ्या.

मृत्यूच्या प्रकरणात कायद्याची भरपाई मालकानं भरपाईसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे (जुन्या कायद्यात भरपाई आयुक्त) जमा करायची असते. हातात दिलेली रक्कम ती भरपाई धरली जात नाही. आणि भरपाईचा हक्क सोडल्याचा करार कायद्यानं रद्दबातलच असतो. दुसरं, १०६ चा गुन्हा आपापसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांत नाही. हायकोर्टात जाऊन रद्द करून घ्यायचा प्रयत्न कंपनी करते, आणि तिथे तुमच्या त्या सहीचाच कागद दाखवला जातो. म्हणून पैसे चेकनं घ्या, पावतीवर ‘मदत म्हणून’ एवढंच लिहा, आणि ‘तक्रार नाही’ हे वाक्य खोडून मग सही करा.

भरपाई साधारण किती?

माणूस ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, असेल तर रक्कम एकदम मिळत नाही. अवलंबितांना मिळून पगाराच्या ९० टक्क्यांएवढं मासिक निवृत्तिवेतन मिळतं. नसेल तर सूत्र आहे: मासिक पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाप्रमाणे ठरलेला अंक. २०२० पासून पगार जास्तीत जास्त १५,००० धरला जातो. तिशीच्या माणसाचा अंक २०७.९८, म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, बरोबर १५,५९,८५० रुपये. कंपनी ‘माणुसकी म्हणून पाच लाख देतो’ म्हणते तेव्हा हा गुणाकार मोबाइलवर करून दाखवा.

सेप्टिक टँक, गटार, ड्रेनेज चेंबर साफ करताना मृत्यू झाला तर?

तिथे आणखी कडक कायदा आहे. हातानं मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हाच गुन्हा, मृत्यू झाला नसला तरीही. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कंपनीनं गुन्हा केला तर कारभार बघणारे जबाबदार, असं त्यातच लिहिलंय. गटारातल्या मृत्यूसाठी भरपाई सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली.

सहकारी साखर कारखाना आहे. तिथे कंपनी कुठे असते?

सहकारी संस्थाही कायद्यानं स्वतंत्र व्यक्तीच आहे, त्यामुळे तीही आरोपी होते. चेअरमनचं म्हणाल तर वरचाच नियम: प्रत्यक्ष वाटा दाखवा किंवा ऑक्युपायर म्हणून नाव दाखवा. सीझन सुरू व्हायच्या घाईत बॉयलरची, मळीच्या टाकीची कामं उरकली जातात. मोळी टाकायची तारीख आधी ठरते आणि दुरुस्ती तिच्या मागे धावते. ती तारीख कोणी ठरवली, याचा ठराव सापडतो. बाकी, आपल्या जिल्ह्यात चेअरमनविरुद्ध साक्ष द्यायला कोण येणार, हा कायद्याचा प्रश्न नाही, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

भोपाळमध्ये एवढी माणसं गेली, तिथे काय झालं?

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला, हजारो माणसं गेली. सीबीआयनं ३०४ लावलं होतं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ३०४-अ वर आणलं. आरोपींना मृत्यूच्या संभवाची जाणीव होती असं दाखवणारं काही समोर नाही, असं म्हणून. तिथेच खटल्याची उंची ठरून गेली. ७ जून २०१० रोजी, पंचवीस वर्षांनी, निकाल लागला: भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षं कैद आणि लगेच जामीन, युनियन कार्बाइड इंडिया कंपनीला सुमारे ५ लाख दंड. पुढे कलम पुन्हा वाढवण्यासाठी सीबीआय गेली, ती याचिका २०११ मध्ये फेटाळली गेली.

‘ठाऊक होतं’ याचा पुरावा सुरुवातीलाच का जमवायचा, हे कोणी विचारलं की मी दुसरं उदाहरण देत नाही.

दुसऱ्या देशांत याहून बरा कायदा आहे का?

इंग्लंडमध्ये आहे, आणि तो एका जहाजामुळे आला. ६ मार्च १९८७ रोजी ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरी बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून पुढचं दार उघडं ठेवूनच निघाली आणि काही मिनिटांत कलंडली. १९३ मृत्यू. दार बंद करायचं काम ज्याचं तो झोपला होता. पण आधी कप्तानांनी ऑफिसकडे मागणी केली होती: दार बंद आहे की उघडं हे दाखवणारा एक दिवा आम्हाला वर बसवून द्या. ऑफिसनं ती हसण्यावारी नेली. वरपासून खालपर्यंत ढिलाईची लागण झालेली, असं चौकशी अहवालात लिहिलं गेलं. तरी १९९० मध्ये कंपनीवरचा खटला कोसळला, कारण ढिलाई सगळ्यांत वाटली गेली होती आणि एका कोणा वरिष्ठाच्या डोक्यावर ती पुरी बसत नव्हती.

म्हणून २००७ चा कायदा आला, ६ एप्रिल २००८ पासून लागू. त्यात एक दोषी शोधावा लागत नाही. वरिष्ठ व्यवस्थापनानं काम ज्या रीतीनं चालवलं, तीच रीत घोर चुकीची होती का, एवढं बघतात. पहिली शिक्षा २०११ मध्ये झाली. आधार न दिलेल्या चरात माती कोसळून एक तरुण भूवैज्ञानिक गाडला गेला होता. कंपनीला ३,८५,००० पौंड दंड झाला, दहा वर्षांत फेडायचा. टोमणा असा, की मोठ्या कंपन्यांसाठी आणलेल्या जाळ्यात पहिला मासा एक छोटी कंपनी सापडली. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. मला तो हवा आहे, पण तो येईपर्यंत आहे त्यावरच भांडायचं.

कंपनी दिवाळखोरीत गेली, नव्या मालकानं घेतली. आता?

दिवाळखोरी संहितेच्या कलम ३२-अ प्रमाणे, कंपनी पुन्हा उभी करण्याची योजना मंजूर होऊन व्यवस्थापन बदललं की आधीच्या गुन्ह्यातून कंपनी सुटते. जुने संचालक आणि अधिकारी मात्र सुटत नाहीत. म्हणून फिर्यादीत कंपनीबरोबर माणसांचीही नावं हवीत.

किती वर्षं लागतील?

लागतील. आज पाचवीत असलेली मुलगी साक्षीच्या वेळी कॉलेजात असेल, असं धरून चाला.

अजून काही झालेलं नाही, पण उद्या टाकीत उतरायला सांगितलंय. नाही म्हणता येतं का?

येतं. बंदिस्त जागेत उतरण्याचा नियम जुन्या कारखाने कायद्याच्या कलम ३६ पासून ठरलेला आहे: हवा तपासून जाणकार माणसानं लेखी परवाना द्यायचा, नाही तर श्वासाचं उपकरण आणि दोर बांधलेला बेल्ट, आणि दोराचं दुसरं टोक धरून बाहेर माणूस उभा. आत न्यायचा हातदिवा २४ व्होल्टच्या वरचा नको. आधी परमिट बघायला मागा. त्यावर आजची तारीख, वेळ आणि ऑक्सिजनचा आकडा आहे का बघा, आणि मीटर तुमच्यासमोर लावायला सांगा. परमिटचा फोटो काढून घरी पाठवून द्या. साहेब चिडेल. मागे कुपवाडच्या एका फिटरनं असंच केलं, दोन दिवस त्याला गेटवर बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी ब्लोअर आला.